अहमदनगर जिल्ह्यातील प्रारंभिक जीवशास्त्राचे अध्यापन आणि त्याची परिभाषा

महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाचा इतिहास लिहिताना संस्था, संस्थापक आणि अनुदाने यांची नोंद तपशिलाने केली जाते. वर्गात कोणत्या शब्दांनी शिकविले गेले याची नोंद क्वचितच होते. गणिताच्या बाबतीत ही उणीव फारशी जाणवणार नाही, कारण त्या विषयाचा बराचसा आशय चिन्हांत सामावलेला असतो. जीवशास्त्राची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमाचा फार मोठा भाग म्हणजे नावे होत: अवयवांची, ऊतींची, संघांची, वर्गांची, अवस्थांची. शिवाय ही नावे ज्यांना द्यावयाची ते जीव विद्यार्थ्याच्या शेतात, गोठ्यात व परसात आधीच वावरत असतात, आणि त्यांना त्याच्या घरी एक नाव असतेच. वर्गात मिळणारे नाव हे त्यामुळे पहिले नाव नसून दुसरे, अनेकदा तिसरे असते. या तीन नावांचा परस्परसंबंध कसा राहिला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

त्यासाठी अहमदनगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर) निवडण्यास कारण आहे. क्षेत्रफळाने हा राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. उत्तरेस प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांवरचा ऊस, दक्षिणेस कर्जत-जामखेडकडची कोरडवाहू ज्वारी, पश्चिमेस अकोले तालुक्यातील सह्याद्रीची भातशेती, अशी तीन प्रकारची सृष्टी एका जिल्ह्यात नांदते. येथे विद्यापीठीय शहर नव्हते. पदवीचे शिक्षण घेणाऱ्यास १९४७ पर्यंत जिल्हा सोडून पुण्यास वा मुंबईस जावे लागे. त्यामुळे महाविद्यालयीन जीवशास्त्र या भूमीत केव्हा आले आणि कोणत्या भाषेत आले, हे बरेचसे नेमकेपणाने सांगता येते.

आरंभ अर्थात त्यापूर्वीचा आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ च्या अखेरीस नगरास आले आणि १८४२ मध्ये तेथून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघू लागले. हेन्री बॅलंटाइन हे त्याचे आरंभीचे संपादक. धर्मप्रसार हा त्याचा हेतू उघड होता. तथापि सृष्टिज्ञानाचे लेख हे त्याच्या मजकुराचे एक नित्याचे अंग होते. सृष्टीच्या रचनेतून कर्त्याचे चातुर्य दाखविण्याची ती युरोप-अमेरिकेतील जुनी पद्धत मराठीत उतरली, आणि तिच्यामुळे एक गोष्ट अनायासे साधली: शास्त्रीय आशय सामान्य वाचकास समजेल अशा मराठीत मांडण्याचा सराव नगरच्या भूमीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच सुरू झाला. या लेखनाचा वाचक इंग्रजी जाणणारा नाही, हे लेखकाने गृहीत धरलेले असे. पुढील शंभर वर्षांत हे गृहीतच पालटले.

त्याच मिशनमधील सॅम्युएल बेकन फेअरबँक यांचे उदाहरण येथे लक्षणीय आहे. नेवासे तालुक्यातील वडाळा येथे त्यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते. हे गृहस्थ पक्षी आणि शंखशिंपले यांचे चिकित्सक संग्राहक होते. खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव आणि नगर या परिसरांत त्यांनी जमविलेल्या पक्ष्यांची सूची १८७६ मध्ये 'स्ट्रे फेदर्स' या पक्षिविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाली. दक्षिणेकडील पळणी डोंगरातील एका पक्ष्याच्या लॅटिन नावात ब्लॅनफर्डने १८६९ मध्ये त्यांचे आडनाव गुंफले. म्हणजे नगरच्या माळावरचा जीव शास्त्राच्या दरबारी दाखल झाला तो लॅटिन नावाने आणि इंग्रजी वर्णनाने. याबद्दल फेअरबँक यांना दोष देण्याचे कारण नाही. वर्गीकरणाची भाषा जगभर लॅटिनच आहे. परंतु एकाच मिशनने एका हाताने मराठीत सृष्टिज्ञान लिहावे आणि दुसऱ्या हाताने सृष्टीचा प्रत्यक्ष अभ्यास इंग्रजीत करावा, आणि या दोन हातांची गाठ पडू नये, ही फाळणी पुढे संस्थांनीही जशीच्या तशी चालविली.

ही फाळणी अटळ होती असे मात्र म्हणता येत नाही. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात १८६१ पासून देशी भाषांतून वैद्यक शिकविण्याचा वर्ग चालू होता आणि पुण्यात १८७८ मध्ये त्याच धर्तीची बैरामजी जिजीभाई वैद्यकीय शाळा निघाली. ग्रँट महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकविणारे डॉ. सखाराम अर्जुन हे १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांपैकी एक होत. त्या आठांत हिंदी गृहस्थ दोनच, ते आणि डॉ. आत्माराम पांडुरंग. शरीर, वनस्पती आणि औषधी यांचे प्रारंभिक ज्ञान मराठीतून देता येते, याविषयी त्या पिढीस शंका नव्हती. शंका पुढे आली, आणि ती भाषेच्या सामर्थ्याविषयी नसून पदवीच्या बाजारमूल्याविषयी होती.

नगरचे पहिले महाविद्यालय १९४७ मध्ये निघाले. अमेरिकेत उच्च शिक्षण घेतलेले डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे हे त्याचे संस्थापक. या वर्षाचा एक योग असा की, त्याच वर्षी अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाचा अहवाल बाहेर पडला आणि 'कम्युनिटी कॉलेज' ही संज्ञा तेथे रूढ झाली. विद्यार्थ्यास घराजवळ, अल्प शुल्कात, पदवीची पहिली दोन वर्षे वा एखादा उपयुक्त धंदा शिकविणारी संस्था, असा तिचा अर्थ. संस्थेचा हा प्रकार मात्र जुना. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथील कनिष्ठ महाविद्यालय १९०१ मधले आहे. आपल्याकडे या नावाची योजना विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये काढली. पण ते कार्य नावाशिवाय आधीपासूनच चालू होते. श्रीरामपूरचे रयत शिक्षण संस्थेचे बोरावके महाविद्यालय (१९६०), संगमनेर महाविद्यालय (१९६१), कोपरगावचे सद्गुरू गंगागीर महाराज महाविद्यालय (१९६५), खुद्द नगरमधील न्यू आर्ट्स (१९७०), ही मालिका पाहिली म्हणजे दहा वर्षांत महाविद्यालय तालुक्याच्या गावी कसे आले हे कळते. १९५० मध्ये प्रवरानगरास सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले होते. उसाच्या पैशाने ज्यांच्या घरी प्रथमच शिक्षणाची चैन परवडू लागली, त्या कुटुंबांतील मुले या महाविद्यालयांच्या बाकांवर येऊन बसली.

ही मुले काय घेऊन आली? हे जीवशास्त्राच्या वर्गापुरते विचारले पाहिजे, कारण त्याचे उत्तर तेथे विशेष महत्त्वाचे आहे. उसाच्या कांडीवर 'डोळा' असतो आणि तो रुजतो, हे त्यांना ठाऊक होते. ऊस तोडल्यावर बुडख्यातून पुन्हा येतो तो 'खोडवा', हेही. ज्वारीच्या कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरते ती 'काणी'. गव्हाच्या पानावर विटकरी पुळ्या येतात तो 'तांबेरा'. कोवळ्या शेंड्यावर दाटतो तो 'मावा', पानाखालून उडतात ते 'तुडतुडे'. ज्वारीच्या मुळाशी उगवून तिचाच रस शोषणारा 'टारफुला', आंब्याच्या फांदीवरचे 'बांडगूळ'. यांतील प्रत्येक शब्दामागे निरीक्षण आहे. काही शब्द तर स्वतःच लहानसे वर्गीकरण आहेत: 'काणी' आणि 'तांबेरा' हा भेद रोगकारक बुरशींच्या दोन निरनिराळ्या गणांचा भेद आहे, आणि वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक्रमही त्यांना असेच वेगळे काढतो.

पदवीच्या अभ्यासक्रमात 'पक्सिनिया' या बुरशीचे जीवनचक्र हे एक ठरलेले प्रकरण असते. गव्हावर एक अवस्था, दारुहळदीच्या जातीतील झुडपावर दुसरी, पाच प्रकारची बीजुके. विद्यार्थी ते पाठ करतो, आकृती काढतो, गुण मिळवितो. हा 'पक्सिनिया' म्हणजेच वडिलांच्या तोंडचा 'तांबेरा', हे सांगण्यास अर्धे मिनिट पुरते. जे अध्यापक ते सांगत, त्यांच्या वर्गात विषय शेतापर्यंत पोहोचे. परंतु पाठ्यपुस्तक ते सांगत नव्हते आणि प्रश्नपत्रिका ते विचारीत नव्हती. म्हणून ते सांगणे हे अध्यापकाच्या मर्जीवर राहिले. प्राणिशास्त्रात गांडुळाची तीच कथा. कर्म नारायण बहल यांनी १९२६ मध्ये लखनौहून भारतीय गांडुळावर जो प्रबंध प्रसिद्ध केला, त्याच्या आधारे देशभरच्या महाविद्यालयांत 'फेरेटिमा' शिकविला गेला. युरोपीय गांडुळाच्या जागी भारतीय गांडूळ आणणे ही फार मोठी सुधारणा होती. पण टेबलावर भारतीय गांडूळ आले तरी त्याचे नाव लखनौपासून नगरपर्यंत एकाच परक्या ध्वनीत उच्चारले गेले.

आता दुसऱ्या शब्दसंग्रहाकडे, म्हणजे घडविलेल्या मराठी परिभाषेकडे वळले पाहिजे. दाते-कर्वे यांचा 'शास्त्रीय परिभाषा कोश' १९४८ मधील. महाराष्ट्र राज्य स्थापन होताच १९६० मध्ये भाषा संचालनालय निघाले. केंद्राचा शास्त्रीय व तांत्रिक परिभाषा आयोग १९६१ मधला. मराठी विज्ञान परिषद १९६६ मधली. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मधला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) विद्यापीठीय स्तरावर प्रादेशिक भाषा दहा वर्षांत माध्यम व्हाव्यात, अशी शिफारस केली होती. या सर्व खटाटोपातून जीवशास्त्राची जी मराठी संज्ञावली तयार झाली, तिची थट्टा करण्याची प्रथा सुशिक्षितांत आहे. ही थट्टा बहुतेक वेळा अभ्यासाशिवाय केलेली असते.

'संधिपाद' हा शब्द घ्यावा. 'आर्थ्रोपोडा' या ग्रीक घटकांच्या संज्ञेचा तो घटकशः अनुवाद आहे: सांधा आणि पाय. इंग्रज मुलास 'आर्थ्रोपोडा'तील सांधा दिसत नाही, कारण ग्रीक त्याला येत नाही. मराठी मुलास 'संधिपाद'मधील संधी आणि पाद दोन्ही दिसतात, कारण 'संधिवात' त्याच्या आजीला असतो आणि 'पादुका' गावच्या देवळात असतात. 'कंटकचर्मी', 'मृदुकाय', 'तंतुकणिका' यांचेही असेच. 'ऊती' हा शब्द तर विशेष सुंदर म्हणावा लागेल. संस्कृतातील विणणे या अर्थाच्या धातूशी त्याचे नाते आहे, आणि इंग्रजी 'टिश्यू' हाही मुळात फ्रेंच भाषेतील विणलेल्या वस्त्राचा वाचक. पद्मशाली विणकरांच्या मागांनी एके काळी गजबजलेल्या नगर शहरात 'ऊती म्हणजे पेशींची वीण' असे सांगितल्यास दुसऱ्या स्पष्टीकरणाची गरज उरू नये. 'गुणसूत्र' ही संज्ञा मुळाहूनही सरस आहे. वाल्डेयर याने १८८८ मध्ये 'क्रोमोसोम' हे नाव दिले ते केवळ रंग शोषून घेणारी काया म्हणून. आनुवंशिकतेशी त्या कायेचा संबंध सटन आणि बोव्हेरी यांनी त्यानंतर चौदा-पंधरा वर्षांनी दाखविला. भारतीय संज्ञा उशिरा घडली, म्हणून तिला कार्याचे नाव घेता आले. 'जनुक' या शब्दात तर 'जन्' धातूचा अर्थ आणि योहान्सेनच्या १९०९ मधील 'जीन'चा ध्वनी दोन्ही सांभाळले गेले आहेत.

सर्वच संज्ञा अशा निर्दोष नाहीत. 'पेशी' हा शब्द सर्वांत प्राथमिक आणि सर्वांत अडचणीचा. सुश्रुताच्या शारीरस्थानात पाचशे पेशी आणि नऊशे स्नायू मोजले आहेत. तेथे पेशी म्हणजे मांसाचा पुंज आणि स्नायू म्हणजे बांधणाऱ्या दोऱ्या. हिंदीने 'पेशी' शब्द मांसासाठीच ठेवला आणि सूक्ष्म घटकास 'कोशिका' म्हटले. मराठीने सूक्ष्म घटकास 'पेशी' म्हटले आणि मांसास 'स्नायू'. एका संस्कृत शब्दसंपत्तीची दोन भावंडांनी केलेली ही वाटणी कोणासही हितकर झाली नाही. प्रवेशपरीक्षेची तयारी करणारा आजचा नगरी विद्यार्थी हिंदीतील ध्वनिचित्रफिती पाहतो तेव्हा 'मांसपेशी' ऐकून चमकतो. शिवाय न्यायालयातील 'पेशी' हा फारसी मूळ असलेला तिसराच शब्द आहे, पण त्याने कोणाचा घोटाळा होत नाही. इंग्रजी 'सेल'ने मात्र होतो: रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात ज्या कोठड्या पाहिल्या त्यांचे ते नाव, पण मराठी कानास त्यातून आधी बॅटरीतला सेल आठवतो आणि मग कापडदुकानातला.

परिभाषेचा खरा दोष निराळाच होता. कोशकारांचे लक्ष इंग्रजी संज्ञेस संस्कृत प्रतिशब्द शोधण्याकडे होते. शेतातील शब्दाकडे ते गेले ते अपवादाने. 'तांबेरा', 'काणी', 'मावा' हे शब्द शेतकी खात्याच्या पत्रकांतून आणि पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या (स्थापना १९६८) प्रकाशनांतून छापील मराठीत टिकून राहिले. शुद्ध जीवशास्त्र व शेतकीशास्त्र यांच्या मराठी अशा दोन वेगळ्या झाल्या. श्रीरामपूर ते राहुरी हे अंतर एसटीने तासाभराचेही नाही. एका ठिकाणी 'पक्सिनिया' आणि दुसऱ्या ठिकाणी 'तांबेरा', एवढा फरक तेवढ्या अंतरात पडला.

इंग्रजी संज्ञावलीविरुद्ध सरसकट तक्रार करण्यास मात्र इतिहास आधार देत नाही. याच अहमदनगर महाविद्यालयात जीवविज्ञानाच्या पदव्युत्तर अध्ययनाची शाखा उभी राहिली आणि तेथे डॉ. जॉन बर्नबस यांनी रक्तातील प्रथिनांच्या तुलनेवरून उत्क्रांतीचा मागोवा घेण्याचे काम केले. मॉरिस गुडमन आदींसह त्यांचा रेण्वीय उत्क्रांतीवरील निबंध १९७१ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. १९७४ चे भटनागर पारितोषिक त्यांना मिळाले. पुढे ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गेले. जिल्ह्याच्या गावी बसून जागतिक दर्जाचे संशोधन करता आले, ते जगाच्या भाषेत लिहिल्यामुळेच. प्रश्न संशोधकाचा नाहीच. तो पहिल्या वर्षाच्या वर्गातील विद्यार्थ्याचा आहे, आणि त्या वर्गातील फारच थोड्यांस संशोधक व्हावयाचे असते.

स्वातंत्र्यानंतर माध्यमिक शाळांचे माध्यम मराठी म्हणून स्थिरावले, तर महाविद्यालयीन विज्ञानाचे इंग्रजीच राहिले. त्यामुळे भाषेचा सांधा नेमका शालान्त परीक्षेनंतर पडला. १९७५ पर्यंत ही परीक्षा अकरावीस होई आणि तिच्यानंतरचे प्री-डिग्रीचे वर्ष हे विद्यापीठाचे असे. प्राध्यापक, प्रयोगशाळा, ग्रंथालय हाताशी असे. १९७५ मध्ये दहा-अधिक-दोन-अधिक-तीन ही रचना आली आणि सांधा दहावी व अकरावी यांच्या मध्ये सरकला. वयाने एक वर्ष लहान झालेला विद्यार्थी कनिष्ठ महाविद्यालयात आला. एप्रिलपर्यंत जो 'प्रकाशसंश्लेषण', 'हरितलवक', 'अर्धगुणसूत्री विभाजन' हे शब्द लिहीत होता, त्यास जुलैमध्ये तेच पदार्थ अनोळखी नावांनी भेटले. त्यास पूर्वी येत असलेले ज्ञान येईनासे झाले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. तो आशय विसरला नव्हता. आशयापर्यंत नेणारा शब्द त्याच्याकडून काढून घेतला गेला होता. मराठी संज्ञा सहा वर्षे शिकवून सातव्या वर्षी टाकून द्यावयाच्या, ही व्यवस्था कोणीही जाणून आखली नसेल. ती दोन मंडळांनी आपापले काम चोख केल्यामुळे निर्माण झाली.

यावर उपाय म्हणून पुढे जिल्ह्यातील शाळाशाळांतून 'सेमी-इंग्रजी' वर्ग निघाले. त्यांनी सांधा मिटविला नाही, खालच्या इयत्तेकडे ढकलला. पालकांचा त्यामागील हिशेब चुकीचा आहे असे म्हणता येणार नाही. वैद्यकीय प्रवेश, औषधनिर्माणशास्त्र, परिचर्या हे सर्व मार्ग इंग्रजीतून जातात. पण या हिशेबात मधला शब्दसंग्रह, म्हणजे घडविलेली मराठी परिभाषा, पूर्णतः निरुपयोगी ठरते. तिची स्थिती चमत्कारिक आहे. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची प्रश्नपत्रिका २०१७ पासून मराठीतही निघते. तीत 'तंतुकणिका' आहे, 'गुणसूत्र' आहे. पण अकरावी-बारावीच्या वर्गात हे शब्द उच्चारले जात नसल्याने ती प्रश्नपत्रिका मागणारे विद्यार्थी अल्प असतात.

पहिला शब्दसंग्रह, घरचा, मात्र कोणत्याही मंडळाच्या आश्रयावाचून टिकला. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाण्यांचा जो संग्रह उभा केला, त्याबद्दल त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. वाल, भात, भाज्या यांचे वाण त्यांच्याकडे नावानिशी व गुणानिशी वेगळे ठेवलेले असतात. कोणता कमी पाण्यावर येतो, कोणता आजारी माणसास चालतो, हे त्या नावाबरोबरच सांगतात. जातीतील विविधता हा पदवीच्या प्रथम वर्षाच्या अभ्यासक्रमातील विषय आहे, आणि तालुक्यातील महाविद्यालयांचे विद्यार्थी तो घरापासून काही मैलांवर प्रत्यक्ष पाहू शकतात. २०१४ मध्ये अनुदान आयोगाने प्राण्यांचे विच्छेदन बंद करण्याविषयी सूचना काढल्यानंतर प्रात्यक्षिकांचे तास मोकळे झाले आहेत. त्यांत परिसराची नोंद हा घटक अनेक ठिकाणी आला. विद्यार्थी परिसरात जातात, पाने व बिया आणतात, प्रयोगवहीत चिकटवितात. खाली लॅटिन नाव येते. गावच्या नावास वहीत रकाना आहे की नाही, हे ती वही कोणी छापली यावर ठरते.

एप्रिल २०२३ मध्ये अनुदान आयोगाने विद्यापीठांस कळविले की, अध्यापन इंग्रजीतून असले तरी विद्यार्थ्यास उत्तरे स्थानिक भाषेत लिहिण्याची मुभा द्यावी. मुभा दिल्याने उत्तर मराठीत लिहिता येईल. पण दहावीनंतर तीन वर्षे ज्याने 'तंतुकणिका' हा शब्द ऐकलेला नाही, तो ते कोणत्या शब्दांत लिहील? त्याने 'मायटोकॉन्ड्रिया' देवनागरीत लिहिले तर ते मराठी उत्तर धरावे काय? आणि गव्हावरील बुरशीचे जीवनचक्र 'तांबेरा' या मथळ्याखाली लिहिणाऱ्याचे गुण परीक्षकाने कापावेत की द्यावेत? वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र यांच्या अभ्यासमंडळांनी हे ठरवावयाचे आहे, आणि त्या मंडळांवर भाषेचा अभ्यासक घेण्याची प्रथा नाही.